तरंगता बर्फ

“पाणी कुठंय यातलं?”

पेटीचे झाकण हातात धरून रैखानने विचारले, तेव्हा तोलेगेन रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसून हातमोजे झटकत होता.

“ओतून दिलं, आपा. बर्फ वितळून नुसतं डबडब झालं होतं. ताजा भरलाय, बघा, काठोकाठ. आमच्याकडं घोड्याचं मटण असंच पुरतात. वसंतापर्यंत जसंच्या तसं राहतं.”

तो शाबासकीची वाट पाहत होता. त्याच्यामागे माळ पांढरा होता, आकाश पांढरे होते, आणि दोहोंमधली रेघ वाऱ्याने केव्हाच पुसून टाकली होती. वादळामुळे अस्ताना शहराकडचा रस्ता बंद केलेला. बर्फ सारणाऱ्या यंत्रामागून तरी जाऊ द्या, अशी विनवणी करायला रैखान अडसरापाशी गेली होती. जाताना ती एवढेच म्हणाली होती, “पेटीकडं लक्ष ठेव.” तोलेगेन या गाडीवरचा नवा चालक होता. त्याने लक्ष ठेवले होते.

रैखानने उघड्या हातांनी बर्फ उपसला. दान केलेली हृदये पोचवताना इतकी वर्षे ती ज्याला बर्फ म्हणत आली, तो पाण्यात तरंगणारा, स्वतः विरत विरत हृदयाला गार ठेवणारा आणि म्हणूनच त्याला गोठू न देणारा बर्फ होता. हा माळावरचा बर्फ कोरडा होता, दगडासारखा मुका. त्याच्या आत उणे तीस अंशांची रात्र साठलेली होती. तिने पिण्याच्या पाण्याचा कॅन पेटीत रिकामा केला. मग हृदय ठेवलेल्या पिशव्यांवरून, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा हात फिरवला. एका बाजूला काहीतरी कडक लागले. नखाएवढे असेल, किंवा तळव्याएवढे. बधिर बोटांना ते सांगता येत नव्हते.

“काय झालं, आपा?”

“गोठलंय. एका बाजूनं. गोठलेला भाग मरतो.”

तोलेगेनने टोपी काढली आणि पुन्हा घातली. सकाळी हाच पेटीकडे बघून हसला होता: “बर्फाच्या पेटीला शाल? आपा, नवऱ्याला तरी कधी इतकं गुंडाळलं होतं का?” ती शाल कांशायिमची होती. तिचा मुलगा अल्मात विजेच्या खांबावरून पडला. मेंदू विझला, हृदय चालत राहिले. त्याचे दफन उद्यावर ठेवून कांशायिमने ते देऊ केले होते. पेटी दवाखान्यातून निघाली तेव्हा उंटाच्या लोकरीची शाल तिच्याभोवती लपेटत ती म्हणाली होती, “थंडी त्याला सोसत नाही. अमानत आहे हो माझी. बसलं तर जिला लावताय तिचं. नाहीच बसलं, तर मला परत आणून द्या.”

“आता पाणी घातलंत ना,” तोलेगेन हळूच म्हणाला, “पोचेपर्यंत मऊ होईल की. कुणाला कळणार?”

ते खरे होते. वितळलेल्या मांसाला आपण गोठलो होतो हे बोटांपुढे कबूल करावे लागत नाही. तिकडे अस्तानाच्या दवाखान्यात, जिला हे हृदय बसवायचे होते ती नुरिला नावाची बसचालक बाई गुंगीत होती. तिच्या छातीत जे उरले होते ते उन्हाळ्यापर्यंतही पुरणार नव्हते. ‘बरी झाले की तुला फुकट फिरवीन, आपा, उभी नाही हं, खिडकीपाशी बसवून,’ असे ती मागच्या आठवड्यात म्हणाली होती.

रैखानने फोन लावला. शल्यविशारद दर्मेनचा आवाज वाऱ्यातून तुकड्यांनी आला.

“निघालात का?”

“रस्ता उघडतोय. दर्मेन, तिची छाती उघडू नका अजून. पेटीतलं पाणी गेलं, बाहेरचा बर्फ भरला गेला. हृदय एका बाजूनं कडक लागतंय.”

पलीकडे त्याने कुणाला तरी ‘थांबा’ म्हटल्याचे ऐकू आले.

“कुणी केलं हे?”

“मी पेटी सोडून गेले होते.”

“घेऊन या. बघू आपण.”

रस्ता उघडल्यावर तोलेगेन बर्फ सारणाऱ्या यंत्रामागून गाडी हाकत राहिला. पेटी तिच्या मांडीवर होती आणि आत बर्फाचे खडे पाण्यात एकमेकांवर आपटत होते.

अस्तानात पोचल्यावर दर्मेनने हृदय भांड्यात घेतले, दिव्याखाली फिरवले. डाव्या भिंतीवर फिकट डाग होता, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा. त्याने त्यावर बोट ठेवले आणि ठेवूनच उभा राहिला. मग म्हणाला, “नाही. तिला जागं करा.”

जाग आल्यावर नुरिलाचा हात आधी छातीवर गेला. तिथे टाके नव्हते.

संध्याकाळ व्हायच्या आत रैखानने हृदय परत मागून घेतले. दर्मेनने होकारार्थी मान हलवली. तोलेगेन पेटी घेऊन दारात उभा होता.

“आपा, आता... बर्फ लागेल का?”

“लागेल.”

तो दवाखान्यातल्या बर्फ बनवणाऱ्या यंत्रापाशी गेला. आधी पाणी ओतले, मग बर्फ घातला, आणि खडे तरंगेपर्यंत वाकून पाहत राहिला.

कांशायिमच्या अंगणात बायका गेलेल्या अल्मातच्या नावाने तेलात पोळ्या तळत होत्या. तोलेगेन पेटी घेऊन उतरला आणि उंबऱ्याशी थबकला.

“नाही बसलं का?” कांशायिमने विचारले.

“वाटेत गोठलं,” रैखान म्हणाली. “सांभाळता आली नाही अमानत.”

तोलेगेनचे ओठ हलले. “मावशी, तो बर्फ मी...”

कांशायिमने त्याच्याकडे पाहिले, मग पेटीकडे, मग पुन्हा त्याच्या लाल पडलेल्या हातांकडे.

“दारात कशाला उभे?” ती म्हणाली. “आत या. पोळी तोंडाला लावल्याशिवाय जायचं नाही.”

पेटी तिने स्वतः उचलली आणि पलीकडच्या खोलीत नेली, जिथे पडद्याआड अल्मातला ठेवले होते आणि जिथली शेगडी आज कुणी पेटवली नव्हती. तोलेगेन हातातल्या पोळीचा तुकडा मोडून तसाच बसून राहिला. उघड्या दारातून रैखानला दिसले, की कांशायिमने पेटी मुलाच्या कुशीला ठेवली, आणि एका बाजूने घसरलेली शाल पुन्हा नीट ओढून घेतली.