जाऊबाईंची उशी

तिने अभ्रा उलटा केला, उशीच्या शिवणीला नाक लावलं आणि वास घेतला. कापूस, साबण, बस. मग दोन्ही तळहातांनी उशी दाबून पाहिली. दाबली की खाली जायची, सोडली की सावकाश वर यायची. तिने ती मांडीवर घेतली, कोपर रोवून दहा आकडे मोजले आणि पुन्हा एकदा वास घेतला. औषधांच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरमागे काढलेली बाई, कुठलीही वस्तू ती अशीच तपासायची. आधी वास, मग पोत, मग तारीख. उशीवर तारीख नव्हती.

"सापडलं का काही?" स्वयंपाकघरातून जाऊबाईंनी विचारलं. "साधी उशी आहे गं. मीच भरलेली, हातानं."

हाताने भरलेली. म्हणजे तेही यांच्याच हातचं.

झालं होतं असं, की थोरल्या दिरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जाऊबाईंची पाठ अधू, रात्री नवऱ्याला उठवून बसवणं त्यांना जमेना. म्हणून धाकटा भाऊ, म्हणजे हिचा नवरा, आठ रात्री तिथे मुक्कामाला गेला. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि रात्री भावाच्या पलंगाशेजारी खाट टाकायची. नवव्या दिवशी तो घरी परतला, पण त्याच्या आधी जाऊबाईंचा फोन पोहोचला होता.

"केवढं घाबरवून ठेवलं होतंस गं आम्हाला! मी भिंतीपलीकडेच झोपते, आठ रात्रींत भावोजी एकदासुद्धा घोरले नाहीत. खोटं नाही सांगत. घरात शांतता असली ना, की माणूस घोरत नाही, असं आपलं माझं मत."

आपलं माझं मत! फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात न धुता तशीच कणीक मळत राहिली, आणि कणीक फार घट्ट झाली.

जाऊबाईंच्या घरी झाडाची पानंसुद्धा वेळेवर गळायची. त्यांचे पडदे विटत नसत, त्यांची मुलं आजारी पडायची ती सुट्टीत. हे सगळं तिने गिळलं होतं, एकेक करून, वर्षानुवर्षं. पण हे कसं गिळायचं? तिचा नवरा असा घोरायचा, की शेजारचे लोक जिन्यात भेटले तर सहानुभूतीने बघायचे. त्याच्यासाठी तिने काय नाही केलं? नाकावर लावायच्या पट्ट्या आणल्या, गुळण्या करवल्या, रात्रीचं जेवण सातला उरकलं, बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घातला, म्हणजे उताणा झोपणार नाही. तो चेंडूसकट उताणा झोपला. गिऱ्हाइकं तिला घोरण्यावर उपाय विचारायची आणि ती समजावून सांगायची, आणि तिच्या घरात मात्र पिकतं तिथे विकत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर तो म्हणायचा, "घोरतो म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?" गेली तीन वर्षं तो झोपला की ती हळूच उठून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर जायची आणि उजाडायच्या आत परत येऊन पडायची.

आणि तोच माणूस वहिनींच्या घरी आठ रात्री गुपचूप झोपला. म्हणजे खोट त्याच्या नाकात नव्हती. खोट तिच्या घरात होती. एवढं एकच तिला शोधून काढायचं होतं, आणि त्यासाठी ती आज दिरांच्या तब्येतीच्या निमित्ताने इथे येऊन, नवऱ्याने त्या आठ रात्रींत वापरलेल्या, दुसऱ्या बाईच्या उशीचा वास घेत बसली होती.

जाऊबाई चहा घेऊन आल्या. तिच्या मांडीवरची उशी त्यांनी पाहिली आणि त्या हसल्या.

"घेऊन जा की. आमच्याकडे कोण घोरणारं आहे?"

ती उशी घेऊन गेली. रस्ताभर ती छातीशी धरून चालताना तिला स्वतःचीच चीड येत होती.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. नवरा दुकानातून जेवायला घरी आला आणि जेवून आडवा झाला, ती समोर खुर्ची टाकून घड्याळ बघत बसली. पाच मिनिटं गेली, सात गेली. तिच्या मनात आशेने मान वर काढली. अकराव्या मिनिटाला त्याने असा काही सूर लावला, की खिडकीच्या काचेलाही तो कळला असावा.

पण हार मानणाऱ्यातली ती नव्हती. तिने बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर जाऊबाईंच्या घरातल्या सगळ्या गोष्टी लिहून काढल्या. पलंगाचं डोकं खिडकीकडे. पंखा दोनवर. पायाशी पातळ चादर. एकेक करून सगळं केलं. शेवटी उरली ती शांतता. मग ती तीन दिवस घरात हळू बोलली. ओला टॉवेल पलंगावर पडला, तिने तो उचलून वाळत घातला. दुधाची पिशवी विसरला, तर म्हणाली, "असू दे." तिसऱ्या दिवशी नवऱ्याने काळजीने विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

आणि घोरणं होतंच. उलट, तिकडून आल्यापासून ते वाढलं होतं. आल्या दिवशी तर तो संध्याकाळी जो आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी नऊला उठला, आणि चौदा तास घर हलत होतं. तिकडे आठ दिवस दाबून ठेवलेलं सगळं इथे येऊन सोडलं, असं तिला वाटलं होतं. तिच्या वाट्याला सगळं असंच यायचं. तिकडे मऊ, इकडे राठ.

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी थोरले दीर दुकानात आले. टाके काढून झाले होते, पण अजून ते पोटावर हात ठेवून चालत होते. जाऊबाई रस्त्याच्या पलीकडे चप्पल शिवून घ्यायला थांबल्या होत्या. दिरांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली, तिने गोळ्या काढून दिल्या.

"आणखी काही देऊ का, दादा?"

"मला नको. त्याच्यासाठी दे काहीतरी. झोपेचं."

"कोणासाठी?"

"अगं, तुझ्या नवऱ्यासाठी. आठ रात्री डोळ्याला डोळा लावला नाही त्यानं. कसा आहे आता?"

तिने गोळ्यांची पिशवी पुढे सरकवली होती, ती तशीच धरून ठेवली.

"तुमच्याशेजारी झोपायचे ना ते?"

"कसला झोपतोय! खुर्चीत बसून असायचा. मी दोनला पाणी मागितलं, चारला मागितलं, हा जागाच. म्हटलं, बाबा रे, आडवा तरी हो. तर म्हणतो, आडवा झालो की झोप लागेल, झोप लागली की घोरेन, आणि भिंतीपलीकडे वहिनी आहे. तिची झोप मोडेल. लाज वाटते म्हणाला." ते हसायला लागले, पण टाक्यांच्या जागी कळ आली असावी, मध्येच थांबले. "सकाळी घोरला नाहीस म्हणून ही त्याचं कौतुक करायची आणि हा मान खाली घालून चहा प्यायचा. हिला सांगू नकोस हं मात्र. उशीवरून फार खूश आहे ती."

ते पायऱ्या उतरून रस्ता ओलांडेपर्यंत ती सुखात होती. उशीत काही नव्हतं. खिडकीत, पंख्यात, शांततेत काही नव्हतं. तिच्या घरात काही खोट नव्हती! तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. पलीकडे जाऊबाई नवी शिवलेली चप्पल पायात घालून बघत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांची थोडी कीव आली.

मग तिने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली आणि तिला दुसरी गोष्ट सुचली.

आठ रात्री. वहिनींची झोप मोडू नये म्हणून माणूस आठ रात्री खुर्चीत बसला. आणि आपल्यासाठी? इतक्या वर्षांच्या संसारात एक रात्र? अर्धी? मत्सर मोठा चिवट. एका दारातून हाकलला तर मागच्या दाराने येऊन पाट मांडून बसतो. तिने चिठ्ठीतलं औषध चुकीचं काढलं, परत ठेवलं, बरोबर काढलं. दुकान दुपारचं बंद झाल्यावर डबा न उघडताच ती घराकडे निघाली.

बुधवार हा चष्म्याच्या दुकानाचा सुट्टीचा दिवस. नवरा पलंगावर उताणा, तोंड उघडं, आवाज जिन्यापर्यंत. तिने त्याचा खांदा धरून हलवला.

"काय झालं? चोर?" तो धडपडत उठून बसला.

"आठ रात्री जागलात तुम्ही तिकडे."

त्याने डोळे चोळले. मग तिच्याकडे न बघता चादरीची घडी नीट केली.

"दादानं सांगितलं वाटतं."

"मला का नाही सांगितलंत? मी त्या उशीला सोन्याची असल्यासारखी घेऊन आले. पंखा काय, खिडकी काय. तीन दिवस तोंडातून शब्द काढला नाही मी!"

"मला वाटलं तुझा घसा बसलाय."

"हसू नका." तिने दोनवरचा पंखा खटकन बंद केला. "वहिनींची झोप मोडू नये म्हणून आठ रात्री. माझ्यासाठी एक तरी जागलात? माझी झोप ती झोप नाही?"

काचा घासून घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, ती तो एकमेकांवर घासत बसला.

"तू सोफ्यावर जातेस, ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "कधी पहाटे जाग येते तेव्हा तुझी जागा गार असते. वाटतं उठून तुला आत बोलवावं, आपण बाहेर जावं. तेवढ्यात परत डोळा लागतो."

"आणि तिकडे बरा नाही लागत?"

"तिकडे कसा लागेल? परक्याचं घर."

"सख्ख्या भावाचं घर परकं?"

"झोपायला परकंच."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. तिने उशीचा अभ्रा ओढून सरळ केला.

"आज मी जागतो," तो म्हणाला. "तू झोप आत."

"काही नको. उद्या कोणाच्या तरी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवाल. त्यापेक्षा डॉक्टरकडे चला."

"घेऊन चल."

"खरंच?"

"शुक्रवारी संध्याकाळी चालेल," म्हणत तो आडवा झाला. ती पलंगाच्या कडेला टेकली. तिला अजून भांडायचं होतं, निदान दोन वाक्यं तरी शिल्लक होती. पण कुशीवर वळता वळता त्याचा श्वास जड झाला, आणि तिने चप्पल काढायच्या आत घोरणं सुरू झालं. ती ऐकत बसली. एवढा मोठा माणूस किती बेफिकीर पडला होता.

फोन वाजला. जाऊबाई होत्या.

"अगं, ऐक ना. चप्पल शिवून घ्यायला गेले काय आणि पाठ धरली काय, वाकता येईना. ह्यांना रात्री उठताना अजून घेरी येते. भावोजींना दोन रात्री पाठवशील? ते असले की कसं, कुणाला त्रास नाही. आवाज नाही की काही नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली अजून काळं होतं.

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "हे नाही येणार. मी येते."

"तू?" जाऊबाई गोंधळल्या. "अगं, तुला इकडे झोप लागेल का?"

"नाही लागणार," ती म्हणाली. "पण मला जागायची सवय आहे."