मधोमध पहिली टीप

दुर्गाबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोथरूडमधली ती सोसायटी उभी होती तिथे एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांचं वांग्याचं रान होतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून त्या अजूनही खालच्या पार्किंगवर मालकी गाजवत. गाडी वाकडी लावणाऱ्याला वरूनच ऐकू यायचं, "दोन माणसांची जागा खातोयस, पोट भरलं का?"

वर्षापूर्वी मात्र ही जीभ घरातच घसरली. मुलगा दिग्विजय आणि सून भाग्यश्री यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि दुर्गाबाई भरल्या ताटावर बोलून बसल्या, "दुसऱ्याचं लेकरू घरात आणून आपलं होत नसतं." भाग्यश्री उठली. ताट उचलून ती आत गेली. तेव्हापासून "आई, चहा ठेवलाय" आणि "आई, गोळी घेतलीत का" यापलीकडे ती सासूशी बोलत नव्हती. एवढ्या आदबीनं वागणारी सून म्हणजे घरातला मोठा छळच असतो.

मग दत्तक संस्थेकडून फोटो आला. चार वर्षांची पूर्वा, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेली. दिग्विजयचा फोन टेबलावर होता, दुर्गाबाईंनी तो चोरून पाहिला आणि पाहतच राहिल्या. त्यांचं मन त्या क्षणीच फिरलं. पण मन फिरलं तरी बोललेला शब्द गिळायचा कसा? ती सवय त्यांना नव्हती. भाग्यश्रीनं पोरीसाठी गोधडी शिवायला घेतली, तेव्हा त्यांनी आपलं एक मऊ झालेलं लुगडं गुपचूप शिलाई मशीनशेजारी नेऊन ठेवलं. तिनेही काही न विचारता ते कापलं.

आयटीत नोकरी करणाऱ्या भाग्यश्रीनं आजवर साधं बटण लावलं नव्हतं. तरी दिग्विजयचे शर्ट, स्वतःचे कुडते आणि ते लुगडं यांचे चौकोन जोडून तिनं वरची बाजू बऱ्यापैकी उभी केली. आत जुनी चादर, खाली अस्तर. आता तिन्ही थर एकत्र धरणारी शिवण तेवढी राहिली होती. पूर्वा रविवारी येणार होती. बुधवारी संध्याकाळी भाग्यश्री फोन घेऊन सासूसमोर बसली.

"आई, मशीननं नक्षी कुठली घालू? हे लूप्स आहेत, या तिरक्या चौकटी, हा गोल-गोल फिरत जाणारा शंख. मला लूप्स आवडलेत, पण पहिल्यांदाच करतेय."

वर्षभरानं सुनेनं काहीतरी विचारलं होतं! दुर्गाबाईंच्या पोटात आनंद मावेना, आणि तो लपवायला त्यांनी आवाज चढवला.

"नक्षी पांघरून झोपणार हाय का पोरगी? आमच्यात वाकळ भरायची तर कडेनं धरायचं आन् फिरत फिरत आत यायचं. कोपऱ्याला हळदकुंकू लावून. माझ्या सासूनं तशी भरली, मी तशी भरली."

"पण व्हिडिओत त्या म्हणतात, मधून सुरू करा."

"त्या बाईनं वाकळ भरलीय का पोटापाण्यासाठी व्हिडिओ काढलाय, इचार तिला."

भाग्यश्री हसली. हसू आलं म्हणून सासूचं ऐकणं तिला अवघड गेलं नाही. कोपऱ्याला हळदकुंकू लागलं आणि मशीन कडेनं धावू लागलं.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी ते थांबलं. चारी बाजूंनी आत येता येता सगळा झोल मधोमध गोळा झाला होता. तिथं कापड फुगलं होतं आणि चुण्यांवर चुण्या पडल्या होत्या. हातानं ओढून, इस्त्री फिरवून काही होईना. वरची बाजू एवढीच होती, नवी जोडायला वेळ नव्हता.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," भाग्यश्री म्हणाली. "जाऊ दे. दुकानातून आणू एखादी."

दिग्विजय फुगलेल्या कापडाकडे बघत म्हणाला, "आई, तुला हे सगळं नकोच होतं ना?" तो गमतीत बोलला, पण कुणी हसलं नाही.

जेवताना दुर्गाबाईंच्या मनात तेच घोळत राहिलं. आपण ते मुद्दाम केलं असं सुनेला वाटत असणार, आणि का वाटू नये? ज्या तोंडानं पोरीला नको म्हटलं, त्याच तोंडानं गोधडी कशी भरायची ते सांगितलं होतं. आता हे असंच राहिलं तर रविवारी येणाऱ्या लेकराला जवळ घ्यायलाही आपल्याला तोंड उरणार नाही, या विचारानं त्या हादरल्या.

शुक्रवारी दोघं कामावर गेल्यावर त्या चष्मा पुसून खिडकीत बसल्या आणि एकेक टाका उसवू लागल्या. मशीनची टीप बारीक आणि घट्ट, डोळे जुने. बोटाला सुई टोचली की मशीनला, व्हिडिओवाल्या बाईला आणि स्वतःला आलटूनपालटून शिव्या. पार्किंगमध्ये कुणी गाडी आडवी लावली तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

भाग्यश्री घरी आली तेव्हा जमिनीवर दोऱ्यांचा ढीग आणि सुटे झालेले तीन थर पडले होते. ती दारातच थबकली.

"आई, हे काय केलंत?"

"उसवली. चूक माझी होती म्हणून उसवली." दुर्गाबाईंनी मान वर केली. "हातानं शिवताना तळवा फिरतो, झोल थोडा थोडा सगळीकडं पसरवतो. तुझं मशीन पसरवत न्हाई, नुसतं पुढं ढकलतं. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तुझी ती बाई बरोबर हाय. मी मागं जे बोलले ते वाईट बोलले, भाग्यश्री. पण हे मुद्दाम न्हाई सांगितलं."

भाग्यश्री पर्स न काढताच खाली बसली. "मला वाटलं होतं, आई," ती म्हणाली. "काल वाटलं होतं."

"वाटणारच." दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. "मला पायजे गं ती पोरगी. फोटो बघितला तवापासून पायजे."

भाग्यश्रीनं त्यांचा हात हातात घेतला. बोटांना टोचल्याच्या खुणा होत्या. दोघी थोडा वेळ रडल्या, आणि मग शनिवार एवढाच हातात आहे हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

शनिवारी त्यांनी साधी सरळ रेघ निवडली. लूप्स पुढच्या गोधडीला. तिन्ही थरांना कच्चे टाके घातले, पहिली टीप मधोमध टाकली, मग एक रेघ या बाजूला, एक त्या बाजूला, एक वरून खाली, पुढची खालून वर. भाग्यश्री मशीन चालवत होती आणि सुईच्या दोन्ही अंगांना दुर्गाबाईंचे तळवे कापड सपाट धरून होते. एक रेघ चांगलीच वाकडी गेली.

"उसवू?"

"बोट लावू नको. पोरगी पट्टी घेऊन झोपणार न्हाई."

रविवारी दुपारी पूर्वा आली. रडली नाही, बोलली नाही, बूट काढायला तयार झाली नाही. तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली. दिग्विजयनं आणलेली खेळणी बघून तिनं मान फिरवली, भाग्यश्रीनं दिलेलं दूध तसंच राहिलं. शेवटी दुर्गाबाईंनी गोधडी आणून तिच्याशेजारी पसरली आणि त्या तिथंच टेकल्या. बऱ्याच वेळानं पूर्वाचं बोट त्या रेघांवरून फिरू लागलं.

"ही कुणाची?"

"तुझी."

"सगळ्यांची नाही?"

"न्हाई. तुझ्या एकटीची."

पूर्वानं डोळा बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तू कुणाची?"

दुर्गाबाईंनी गोधडीचा कोपरा तिच्या गुडघ्यावर ओढला. दारात भाग्यश्री उभी होती.

"मीबी तुझीच," त्या म्हणाल्या. "आजी हाय मी तुझी."

पूर्वानं थोडा विचार केला. मग बूट काढायला तिनं दोन्ही पाय आजीच्या मांडीवर ठेवले.