विहिणीचं मागणं

बस सुटायच्या आधीच गोदूबाईंनी मांडीवर डबा उघडला आणि जवळ्याच्या चटणीचा वास पुढच्या रांगांतून थेट ड्रायव्हरपर्यंत जाऊन पोचला.

"अहो विहीणबाई, आत्ता नको!" सुहासिनीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ते चित्र बघा समोर. बसमध्ये खायचं नाही म्हणून लिहिलंय."

"खाते कुठं? भाकरी दबली का काय, ती बघते."

पुढच्या सीटवरच्या गोऱ्या आजोबांनी मान वळवली. गोदूबाई त्यांच्याकडे बघून मनापासून हसल्या आणि झाकण लावलं. आजोबाही हसले. सुहासिनीबाईंनी मात्र खिडकीबाहेर असं काही पाहायला सुरुवात केली, की शेजारी बसलेली लुगड्यावर स्वेटर आणि बूट घातलेली बाई जणू त्यांच्या ओळखीचीच नसावी.

सहल एका दिवसाची होती. सकाळी व्हिएन्नाहून निघायचं, शेजारच्या देशाची राजधानी ब्रातिस्लाव्हा बघायची आणि दिवेलागणीला परत. अंतर म्हणाल तर बदलापूरहून लोणावळ्याला जाण्याइतकं. बरोबर मार्टा नावाची गाईड, हातात पिवळी छत्री. तिकिटं भूपेशनं काढली होती आणि त्यामागचा डाव न कळण्याइतक्या दोघी काही भोळ्या नव्हत्या.

भूपेश हा चामटोलीच्या गोदूबाईंचा मुलगा, हिमानी ही अंबरनाथच्या सुहासिनीबाईंची मुलगी. दोघं व्हिएन्नात नोकरीला. मुलगी झाली तेव्हा दोन्ही आया धावत आल्या. घर एवढंसं. एक सोफ्यावर आणि एक खाली गादीवर झोपली, की भूपेशला पाणी प्यायला जाताना उडी मारावी लागायची. आता परतीची तिकिटं पुढच्या गुरुवारची होती. भूपेशची रजा संपलेली, हिमानीच्या पोटाचे टाके अजून ओढत होते. एकीनं आणखी दोन महिने राहावं, दुसरीनं जावं, एवढं ठरलं होतं. कुणी राहायचं, हे सांगण्याची हिंमत मात्र त्या दोन इंजिनिअरांत मिळूनही नव्हती.

"तुम्ही दोघी मिळून ठरवा ना," हिमानी म्हणाली होती. "मस्त फिरून या आणि ठरवा."

ठरवायचं काय त्यात, असं सुहासिनीबाईंना वाटत होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. हे काय आज निघालंय? लेक आपली, हक्क आपला. फक्त एकच पंचाईत होती. छकुली दिवसभर कुणाकडेही असो, सकाळी गोदूबाईंनी पाय पसरून तिला पायांवर घेतलं, तेल चोळलं, ऊन ऊन पाणी घातलं, की ती पोर अशी काही गाढ झोपायची, की घरातली सगळी माणसं हळू बोलायची. इथली नर्स म्हणाली होती, आठवड्यातून दोनदा आंघोळ पुरे. सुहासिनीबाईंनी ते दोन वेळा, जरा मोठ्यानंच, घरात सांगून पाहिलं. गोदूबाई म्हणाल्या, "ती बोलते तर तिच्या पोराला घालू दे दोनदा."

बस शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि त्यात उंच पांढऱ्या पवनचक्क्या. कानाला लावायच्या यंत्रातून मार्टाचं इंग्रजी चालू होतं. सुहासिनीबाई ऐकायच्या आणि भाषांतर करायच्या. मार्टा पाच मिनिटं बोलली, की सुहासिनीबाई म्हणायच्या, "इथे द्राक्षं पिकतात."

"एवढंच बोलली?"

"मुद्द्याचं एवढंच."

मग डाव्या हाताला एक रिकामी चौकी गेली. काचा धुळकटलेल्या, आत कुणी नाही.

"ही सीमा होती," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आपण दुसऱ्या देशात आलो."

"आलो पन?" गोदूबाई सीटवर अर्ध्या उठून मागे बघू लागल्या. "अगो बाय! आमच्या गावाची शीव यापेक्षा मोठी हाय. थांबलो नाय, उतरलो नाय, असा कसा देस बदलला?"

सुहासिनीबाईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, कारण आज हसायचं नाही, मुद्द्याचं बोलायचं, असं त्या घरून ठरवून निघाल्या होत्या. मुद्दा काढायला त्या दोनदा वळल्याही. पण एकदा गोदूबाई पवनचक्क्या मोजत होत्या आणि एकदा बूट सैल करत होत्या.

बुटांची कथा निराळीच. परदेशात जायचं म्हणून गोदूबाईंनी ते उल्हासनगरला कॅम्प एकमधून घेतले होते. त्या बाजारात त्या कित्येक वर्षं भाजी विकायला बसल्या, त्यामुळे तिथल्या सिंधी दुकानदारांवर त्यांचा फार विश्वास. बूट चावतो म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "माई, पहनते पहनते फैल जाएगा." महिना उलटला. बूट फैलला नाही. गोदूबाईंचा विश्वासही हलला नाही.

किल्ला टेकडीवर होता. चार कोपऱ्यांना चार बुरूज, पांढराशुभ्र, कुणी टेबल उलटं करून ठेवावं तसा. खाली डॅन्यूब नदी. मार्टा छत्री उंच धरून भराभर चालायची, दगडी फरसबंदीवरून माणसं तिच्यामागे. गोदूबाई मागे पडू लागल्या. त्या तक्रार करत नव्हत्या, पण प्रत्येक दुकानाशी थांबून आतल्या वस्तूंना नावं ठेवत होत्या, यावरून काय ते समजत होतं.

जुन्या चर्चमध्ये बसायला बाकं मिळाली तेव्हा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"इथे राणीचा राज्याभिषेक झाला होता," सुहासिनीबाई कानातलं ऐकत म्हणाल्या. "फार मोठी राणी. सोळा मुलं झाली तिला."

"सोला!" गोदूबाईंचा आवाज छतापर्यंत गेला. मग हळू म्हणाल्या, "मंग त्यांना आंघोल कोन घालीत व्हता?"

"दासी असतील ना."

"म्हंजे राणीचं न् माझं एकच झालं."

सुहासिनीबाईंनी कानातलं यंत्र काढलं.

"भूपेस झाला तवा माझी आय मना न्याया आली होती, वांगणीसनं," गोदूबाई समोर बघत बोलत होत्या. "सासू बोलली, भात कापनीला आलाय, पोरगी न्याशील तर कापील कोन? आय ओट्यावर बसली जरा. पानी प्याली. गेली निघून. मंग म्हयन्याभरात मी परत कॅम्पात, भाजीची पाटी घेऊन. सकालचं भूपेसला सासूच घ्यायची पायावर. मी घरी यायची तवा पोरगा झोपलेला."

"तुम्ही एकदाही नाही घातली आंघोळ?"

"येल कधी गावला? मागनं शेजारच्या सुनांच्या पोरांना घातली, मोप. आपल्या रगताची ही पयली." आणि एकदम हसून म्हणाल्या, "बरी राणी व्हती गो मी. नुसती दूध पाजनारी."

आठवड्यातून दोनदा पुरे, हे आपण किती मोठ्यानं म्हणालो होतो, ते आठवून सुहासिनीबाईंचे कान तापले. पुढे मार्टा बोलत राहिली, त्यांनी भाषांतर केलं नाही आणि गोदूबाईंनीही विचारलं नाही.

चौकात आल्यावर मार्टानं सगळ्यांना मोकळं सोडलं. मध्ये जुनं कारंजं, भोवती बाकं. गोदूबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी बूट काढला तेव्हा सुहासिनीबाईंच्या तोंडून "अगं आई गं" निघून गेलं. टाचेची सालं निघाली होती, मोजा रक्तानं चिकटला होता. दुसऱ्या पायाचंही तेच.

"अहो, सांगायचं नाही का? सकाळपासून अशा चालताय!"

"तुमी इतक्या हौसेनं सांगत होता," गोदूबाई म्हणाल्या. "द्राक्सं न् काय काय."

सुहासिनीबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, ओढणी खोचली आणि सरळ फरसबंदीवर बसकण मारली. परदेशासाठी म्हणून मुद्दाम शिवून घेतलेल्या ड्रेसचा त्यांना त्या क्षणी विसर पडला.

"उठा! पायाला हात नका लावू. लोकं बघतात!"

"बघू देत. स्वस्थ बसा."

त्यांनी मोजा भिजवून अलगद सोडवला. एका हातानं पाणी घालत दुसऱ्या हातानं त्यांनी पाय धुतला, मग दुसरा. शेतात आणि बाजारात झिजलेले, भेगाळलेले पाय. ओढणीच्या टोकानं टिपून घेता घेता त्या मध्येच थांबल्या आणि खुदकन हसल्या.

"काय झालं?"

"अहो, हे सीमांतपूजन झालं की! आमच्याकडे मुलाकडची मंडळी गावाच्या शिवेवर आली, की मुलीच्या आईनं पुढे जाऊन विहिणीचे पाय धुवायचे. आपल्या पोरांच्या लग्नात राहूनच गेलं."

लग्न करोनाच्या दिवसांत झालं होतं. मोजकी माणसं, तोंडाला मास्क, दारात पाय धुवायच्या ऐवजी हातांवर सॅनिटायझर. गोदूबाईंना विहीण म्हणून कुणी पाटावरही बसवलं नव्हतं आणि त्यांनीही कधी त्याचा उच्चार केला नव्हता. सुहासिनीबाईंनी वर पाहिलं तर गोदूबाईंचे डोळे भरले होते.

"शीव बाकी मोठी गावली," त्या नाक पुसत म्हणाल्या. "दोन देसांची."

मग सुहासिनीबाईंनी स्वतःच्या मऊ सँडल काढल्या आणि त्यांच्या पायांत सरकवल्या. "हा आहेर." गोदूबाईंचे बूट त्यांनी घातले. बूट त्यांना छान बसले, याचं दोघींना इतकं हसू आलं, की शेजारच्या बाकावरची माणसं उगीचच त्यांच्याबरोबर हसू लागली. तिथेच डबा उघडला गेला. सुहासिनीबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली, जवळ्याचा वास नाकाला लागला तरी सरकून बसल्या नाहीत.

"पाय धुतले, आहेर झाला," त्या हात पुसत म्हणाल्या. "आता विहिणीनं मागायचं आणि आम्ही द्यायचं. नाही म्हणायचं नसतं. मागा."

हे म्हणताना त्या हसतच होत्या. गोदूबाई मात्र हसल्या नाहीत.

"बगा हां. मागीन मी."

"मागा ना."

"आता नाय. घरी. पोरांच्या म्होरं."

सुहासिनीबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. काय मागणार, ते कळायला ज्योतिषी नको होता.

परतीच्या बसमध्ये गोदूबाईंना झोप लागली. त्यांचं डोकं हळूहळू सुहासिनीबाईंच्या खांद्यावर आलं. सुहासिनीबाई जाग्या होत्या. आधी त्यांना राग आला, आपल्याच तोंडाचा. मग रडू आलं. लेकीला सोडून जायचं, तिचे टाके अजून ओढत असताना, छकुली अजून नीट हसायचीसुद्धा आहे. पण पदरात पोर असून जिच्या हाताला पोर लागलं नाही, तिला आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? रिकामी चौकी मागे गेली तोवर त्यांचं मन तयार झालं होतं. त्यांनी अंबरनाथला विष्णुपंतांना मेसेज पाठवला, "गुरुवारी येतेय." लगेच उत्तर आलं, "बरं झालं. कुकरची शिट्टी सापडत नाहीये." नवऱ्याला दुसरं काही सुचलं नाही, हे बघून त्यांना उलट जरा बरंच वाटलं.

दार भूपेशनं उघडलं. खांद्यावर छकुली, मागे भिंतीला टेकून हिमानी. दोघांचे चेहरे निकाल लागायच्या दिवशी असतात तसे.

"कशी झाली ट्रिप?"

"झ्याक," गोदूबाई म्हणाल्या.

"मग..." हिमानीनं एकदा एका आईकडे, एकदा दुसऱ्या आईकडे पाहिलं. "ठरलं का काही?"

सुहासिनीबाईंनी बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण गोदूबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा. आधी माझं मागनं. देनार ना?"

"देणार," सुहासिनीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच बरा निघाला.

"मंग तुमी ऱ्हावा."

"मी? अहो, असं काय करताय? तुम्ही तर... आणि छकुलीची आंघोळ? मला नाही येत. हिमानीच्या वेळी आमच्याकडे बाई यायची, मी नुसता टॉवेल धरून उभी."

"म्हनून तर. चार सकाली हायेत, शिकवते."

"नाही, नाही. दुपारी तुम्ही एवढं सांगितलंत, माझ्या डोक्यात बसलं ते. तुम्हीच राहायचं."

"तुमी कंचं ऐकलं काय ठाव," गोदूबाई म्हणाल्या. "माझी आय पानी पिऊन गेली गो, विहीणबाय. हिची नाय जानार. सासू मी हाय आता, मी बोलते."

हिमानी भिंत सोडून पुढे आली आणि सासूच्या गळ्यात पडली. टाक्यांचं तिला भान राहिलं नाही. भूपेश छकुलीला थोपटत दुसरीकडे बघत राहिला. सुहासिनीबाई पायांतले बूट काढायला खाली वाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनीबाई बाथरूममध्ये पाटावर पाय पसरून बसल्या. सलवार गुडघ्यापर्यंत सरकवलेली, कपाळावर घाम. गोदूबाईंनी छकुलीला त्यांच्या पायांवर पालथं घातलं, त्यांचा हात धरून पाठीवरून फिरवला, मानेखाली बोटं कशी धरायची ते दाखवलं.

"घट धरा. मोडत नाय ती."

मग त्यांनी आपला हात काढून घेतला आणि दारातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. सुहासिनीबाईंनी पहिला तांब्या घातला. छकुलीनं टाहो फोडला. गोदूबाई चटकन अर्ध्या उठल्या, आणि परत खाली बसल्या.