वाफेला वाट हवी

मी एक जुना काचेचा चंबू आहे. पोट मोठं, मान बारीक. आता मान उरलेली नाही, पण ते शेवटी सांगतो.

मित्रांनो, भट्टीत जन्मलो म्हणून मी आगीला कधी भ्यालो नाही. १९९३ साली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे हळदीच्या रंगावर संशोधन करणारी मिना राठोड होती, सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यातली. नव्या पोरांना ती मला दाखवून सांगायची, "तोंड बंद करून काही तापवायचं न्हाई." तेव्हा माझी मिजास विचारू नका.

२००३ च्या मार्चात हळदीचे नमुने घ्यायला ती मला घेऊन घरच्या शेतावर गेली. तिच्या वडिलांनी, गोपीचंदनी, हळद शिजवायला वाफेची नवी टाकी आणली होती. झडपेतून वाफ सुटताना पाहून त्यांचा जीव जळला. इतकं जळण वाया कसं घालवायचं? त्यांनी झडप तारेनं आवळली.

"बापू, मोकळी सोडा ती," मिना म्हणाली.

"दोन बुकं शिकली अन् बापाला शिकवून राहिली का?"

चारचौघांत बापाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून ती गप्प बसली.

टाकी फाटली. पत्र्यानं बैलाचं पोट चिरलं. उकळतं पाणी मिनाच्या आईच्या, मिराबाईच्या अंगावर कोसळलं. लुगडं काढताना कातडी सोलून आली. माझ्याही कडेचा टवका उडाला, पण त्याचं काय एवढं! जळलेल्यांसाठी जवळ दवाखाना नव्हता. जीप नांदेडकडे पळाली. वाटेतलं वसमत मागे पडलं आणि मिराबाईचं ओरडणं कायमचं थांबलं.

मिनानं संशोधन सोडलं. एका वैद्यकीय संस्थेसाठी ती वर्गणी मागू लागली. हळद शिजवायचा पुढचा हंगाम येण्याआधी वसमतला जळितांची खोली उघडायची, एवढाच ध्यास. बाजारात पैसे टाकायला मला पुढे धरून ती सगळं सांगायची, "मला म्हाईत होतं. मी गप बसले."

टाक्या बनवणारा नरसिंग चिडला. "माझा धंदा बुडवून राहिली व्हय?" म्हणत त्यानं तिच्या तोंडावर मारलं, मला लाथ घातली. मिना पडली, ओठ फाटला. पदरानं रक्त पुसून तिनं मला पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

"तुमी बी टाका काही."

तो शिव्या देत निघून गेला.

फेब्रुवारीत खोली तयार झाली. औषधांचे पैसे माझ्या पोटात होते, पण मानेतून नोटा निघेनात. मिनानं हातोडी उचलली. वर्षभर तिच्याशी न बोललेले गोपीचंद पुढे आले आणि त्यांनी ती हातातून घेतली. एका घावात माझी मान तुटली आणि काच त्यांच्या तळव्यात खोल घुसली.

त्या खोलीतली पहिली पट्टी त्याच हाताला बांधली गेली, ज्यानं तार आवळली होती.

"तू सांगितलं होतंस, माय," ते रडत म्हणाले. "म्याच ऐकलं न्हाई."

मित्रांनो, मी आता तिथल्याच खिडकीत असतो. माझं एवढं ऐका. वाफेची झडप कधी बांधू नका. आणि घरातलं लेकरू भीत भीत काही सांगत असेल, तर हातातलं काम थांबवून आधी त्याचं ऐका.