हंड्यांची रांग

सगुणाबाईचा हंडा मागे ठेवून ठकुबाईने त्या जागी आपला सरकवला, तेव्हा झऱ्यावर चिटपाखरूही नव्हते. भर दुपारी कोण येतेय! हंडा रांगेत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचे, पाळी हंडाच राखतो, असा वाडीचा नियम होता. पाणी समितीची अध्यक्ष झाल्यावर ठकुबाईनेच तो घातला होता.

पूर्वी हा झरा आखाडापर्यंत पुरायचा. अलीकडे पाऊस चार दिवसांत सगळा कोसळून मोकळा होई, आणि शिमगा सरला की वाटीने पाणी उपसायची वेळ येई. खाली धरण चमकायचे, पण ते पाणी कालव्यांचे. वाडीने नुसते बघायचे.

त्यात आज तिच्या लेकीला, शेफालीला, बघायला शिवऱ्याचे पाहुणे येणार होते आणि घरात पाय धुवायलाही पाणी नव्हते. एका दिवसाने काय बिघडते, अशी ठकुबाईने मनाची समजूत घातली. सगुणाबाई एकटी म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला कळायचेही नाही.

ठकुबाईचा हंडा कसाबसा भरला आणि वाटीत गाळ येऊ लागला. तोवर बायका जमल्या होत्या. सगुणाबाईने चाचपडत आपल्या हंड्याचा पोचा ओळखला.

"माजा पयला व्हता न्हवं?" ती म्हणाली. मग स्वतःच पुटपुटली, "मीच मागं ठिवला आसंल. हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई."

बायका ठकुबाईकडे बघत होत्या. तिने हंडा डोक्यावर घेतला आणि घराची वाट धरली.

पाहुण्यांनी तांब्या तांब्या पाणी पायांवर ओतले. मुलगी पसंत पडली. पण म्हातारीने चूक आपल्या पदरात घेतली याचीच ठकुबाईला जास्त लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झऱ्यावर गेली आणि थबकलीच. प्रत्येक हंड्याशेजारी एकेक बाई डोक्यावर पदर ओढून उन्हात बसली होती. सगुणाबाईही होती, पोचा पडलेला हंडा मांडीशी धरून.

"आत्ती, कालचं..." ठकुबाई म्हणाली.

"मागितला आस्तास, तर दिलाच आस्ता की गं नंबर," सगुणाबाई म्हणाली.

बायकांनी सरकून जागा केली. ठकुबाईने शेवटी हंडा ठेवला, आणि तीही त्याच्याजवळ राखण करत बसली.