तरसाची वाट

वहिनीच्या मटणाच्या दुकानामागे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे तो पट्टा. वरचं डोंगरातलं रान आणि खालचं नदीकाठचं रान यांना जोडणारी झुडपांची चिंचोळी जागा. बाकी सगळीकडे इमारती उठल्या होत्या, आता बिल्डरचा डोळा या पट्ट्यावर होता. इथून कुठलंही जनावर जात नाही, असं त्याने सरकारला लिहून दिलं होतं. वस्तीने ओरड केली तेव्हा सुनावणीचे साहेब म्हणाले, "जातं म्हणता ना? मग दाखवा."

वस्तीने समिती काढली. अध्यक्ष झाले भूगोलाचे निवृत्त मास्तर, कारण त्यांना वेळ होता आणि घरात त्यांना कुणी बोलू देत नव्हतं. वर्गणी काढून पट्ट्यातल्या एका झाडाला कॅमेरा बांधला. त्यात आली भटकी कुत्री, कुणाच्या तरी चुकलेल्या बकऱ्या, आणि एकदा खुद्द मास्तर, झुडपाआड ज्या कामाला बसायचं त्या कामाला बसलेले. तो फोटो साहेबांपुढे ठेवण्यासारखा नव्हता.

वहिनीला मात्र पक्कं ठाऊक होतं. पहाटे मागच्या दाराशी भांडी घासताना तिने तरस पाहिलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. मादी होती. पुढून उंच, मागून बसकी, चालताना लंगडतेय असं वाटायचं. तरसाचं नाव काढलं तरी लोक थुंकतात. वहिनीला ती आवडायची. नवरा गेल्यावर वहिनीने स्वतः सुरी हातात घेतली, तेव्हा लोक तिच्याकडेही असंच बघायचे. पट्टा गेला तर या बयेने जायचं कुठून, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

दुकानातली उरलीसुरली हाडं संध्याकाळी पिंपात जायची आणि सकाळी कचऱ्याची गाडी ती घेऊन जायची. वहिनी त्यातली थोडी पदराआड घेऊन रस्ता ओलांडू लागली आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून झाडामागून जाऊन बुंध्याशी टाकू लागली. त्यात खोटं काय? ती जातेच इथून. फोटोपुरतं घटकाभर थांबवायचं, एवढंच. मास्तरांना तिने सांगितलं नाही. मास्तर तत्त्वाचे पडले. चहात साखर जास्त पडली तरी निषेध नोंदवणारा माणूस.

आणि फोटो आला! तरस, अगदी समोरून, कान टवकारलेले. मास्तरांना बोलता येईना, आणि ही गोष्ट वस्तीत प्रथमच घडत होती. पण साहेबांनी फोटो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "एका फोटोने वाट सिद्ध होत नाही. आणखी आणा." मग हाडं चालूच राहिली. फोटो येत राहिले.

एका संध्याकाळी वहिनीची कंबर धरली. बिल्डरचं शेजारच्या जागेवर काम सुरू झालं होतं, डंपर सारखे ये-जा करत होते, रस्ता ओलांडणं म्हणजे जिवावरचा खेळ. तिने हाडं रस्त्याच्या अलीकडच्या कडेलाच टाकली. येईल की इथवर, असं स्वतःशीच म्हणाली आणि आत येऊन पडली.

आली. पहाटे दार धडधड वाजलं. बाहेर ढापण्या उभा होता, तिच्या नणंदेचा मुलगा, बिल्डरचा डंपर चालवणारा. त्याचा भिंगाचा चष्मा नाकावरून घसरला होता.

"मामी, माझ्या गाडीखाली काहीतरी आलं गं. एकदम आडवं आलं."

दुसरा कुणी असता तर गाडी हाकून मोकळा झाला असता. हा थांबला होता. दोघं रस्त्यावर गेली. ती पडली होती, आचळं दुधाने भरलेली. वहिनी तिथेच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. ढापण्याने आपला सदरा काढून जनावरावर घातला आणि मामीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पिल्लं कुठे होती ते पुढे कुणालाच सापडलं नाही.

दुपारपर्यंत सगळी वस्ती जमली. कुणाला तरी कडेची हाडं दिसली, आणि मास्तर खुर्चीवर चढले. "हा अपघात नाही! हाडं टाकून तिला रस्त्यावर बोलावलं आणि चिरडलं! डंपर कुणाचा? बिल्डरचा!" लोकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बिल्डरने हात झटकले: ड्रायव्हरने काय केलं ते ड्रायव्हरला विचारा. पोलिसांनी ढापण्याला उचललं. वहिनी गर्दीत उभी होती. आत्ता बोलू, मग बोलू, असं करता करता गाडी निघून गेली.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण तो साहेबांपुरता. मास्तरांनी तरसाचे फोटो टेबलावर मांडले, शेवटी मेलेल्या तरसाचा. मग ते वहिनीकडे वळले.

"वहिनी, हा ढापण्या तुमच्या दुकानात यायचा ना? हाडं तिथूनच नेली असणार. सांगा साहेबांना."

बिल्डरचा वकील पेन उघडून बसला होता. वहिनीला सगळं लख्ख दिसलं. हाडं मी टाकली म्हटलं, की भाचा सुटेल. पण वकील लगेच विचारणार, आधी कधी टाकली होती? मग सगळे फोटो फुकट. आमिषाला आलेलं जनावर, त्याची कसली वाट! पट्टा जाईल, आणि जी मेली ती फुकट मेली.

"माझ्या दुकानात सगळेच येतात," ती म्हणाली.

ना हो, ना नाही. पण मास्तरांना तेवढं पुरलं, आणि साहेबांनाही. पट्टा राखीव झाला. लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं, कुणी वहिनीच्या गळ्यातही हार घातला. ढापण्यावरचा खटला उभा राहिला.

नणंद दुकानात आली तेव्हा वहिनी मान खाली घालून सुरीच पुसत राहिली. पण नणंदेने तिचे हातच धरले.

"सगळे माझ्या पोरावर तुटून पडले गं. तू एकटी त्याच्याविरुद्ध बोलली नाहीस. तुझे उपकार कसे फेडू?"

"असं नका बोलू वन्सं."

"त्याला भेटायला चल. मामीला आण म्हणालाय."

तुरुंगात भेटीची खोली म्हणजे मधोमध जाळी आणि दोन्हीकडे बाक. नणंद डब्याची तपासणी करून घ्यायला दाराशी थांबली. वहिनी एकटीच जाळीपाशी गेली. ढापण्या वाळला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"जेवण नीट देतात का रे?" तिने विचारलं.

"देतात." त्याने दाराशी थांबलेल्या आईकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मामी, हाडाची नळी उभी फोडतेस ती तूच. बाकी सगळे खाटीक आडवी तोडतात. मी तुझ्याच दुकानात मोठा झालो ना, रस्त्याकडेची नळी त्या सकाळीच ओळखली."

वहिनीने जाळी घट्ट धरली. "मग तू... पोलिसांना बोलला का नाहीस?"

"मी कशाला तुझं नाव घेऊ? मला वाटलं, तू स्वतःच सांगशील."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसलं असतं. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात नणंद डबा घेऊन आत आली, आणि ढापण्या आईकडे वळून म्हणाला, "काय आणलंस गं?"