किटल्यांची रांग

रोहिणीच्या पत्राला सोमेश्वर सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. आषाढात आलेलं पत्र भाद्रपद लागला तरी उशाखालीच होतं.

सर नांदूरघाटच्या वाचनालयात होते, तेव्हा ही पोरगी तिथं उभ्यानं पुस्तकं संपवायची. आता ती पुण्यात एका संस्थेत होती. कामाची रीत बदलली की माणसं का अडून बसतात, हे बघून मार्ग काढायचा, हे तिचं काम. तिनं लिहिलं होतं, 'गावच्या दूध संस्थेत आम्ही नवं यंत्र बसवलं. यायचं, अंगठा लावायचा, दूध ओतायचं, निघायचं. रांगच नाही! तरी कुणी फिरकत नाही. विचारलं तर बायका म्हणतात, अंगठा उठत नाही. दसऱ्यापर्यंत यंत्र सुरू झालं नाही, तर डेअरी गावचं दूध घेणं बंद करणार आहे. तुम्ही जरा बघाल का?'

आपण काय बघणार, असं सरांना वाटलं. जन्म पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात गेलेला. पण तो अंगठा काही डोक्यातून जाईना. याच बायकांचा अंगठा रेशन दुकानात बरा उठतो!

शेवटी एका सकाळी ते दूध संस्थेच्या ओट्यावर जाऊन बसले.

"सर, तुमी कावून आलात?" माप घालणारा आश्रुबा हसला. "तुमच्या दारात तर शेळी बी न्हाई."

"सहज," सर ओशाळून म्हणाले.

कोपऱ्यात यंत्र नव्या नवरीसारखं झाकून ठेवलेलं. बायका येत, जुन्या मापापुढं किटली रांगेत ठेवत आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसत. सर बघतच राहिले. रांगेत किटल्या उभ्या होत्या आणि माणसं बसली होती.

"ताराबाई, तुझी म्हैस उलटली म्हनं, गाभन ऱ्हायलीच न्हाई?" बायनाबाईनं विचारलं.

"दुसऱ्यांदा."

"मग उज्ज्वलाला इचार. तिनं तिची कुना डागदरला दाखवली, लगेच गाभन ऱ्हायली."

सरांनी धीर केला. "यंत्रात घातलं तर लवकर घरी जाता येईल की."

"लवकर जाऊन काय करू सर? सासूचं तोंड बघू?" सत्यशीला म्हणाली.

शेजारीच बसलेली तिची सासू बायनाबाई म्हणाली, "हितं बी तेच बघायलीस की!"

लिंबाखाली हशा पिकला. सरही हसले, आणि हसता हसता थबकले. यंत्रानं रांग काढली होती. पण रांगेचा त्रास होता कुणाला? यंत्रानं काढलं होतं ते हे बसणं. आणि पुण्याच्या साहेबांना 'आम्हाला घडीभर बसायचंय' असं कोण सांगणार? मग अंगठ्याचंच नाव.

सर आश्रुबाकडं गेले. पहिलं वाक्य अडखळलंच. "किटल्यांची रांग तशीच ठेव... तोंड फक्त यंत्राकडं कर. आणि पाळी आली की लिंबाखाली हाक मार."

"हाका मारायला काय जातंय?" आश्रुबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिली हाक बायनाबाईला गेली. तिनं पदराला बोट पुसलं, यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्याच झटक्यात उठला.

"आज उठला बरं का," ती गंभीरपणे म्हणाली आणि पुन्हा लिंबाखाली गेली. मागून ताराबाईला हाक गेली, मग उज्ज्वलाला. आठवडाभरात जुनं माप भिंतीला टेकलं.

त्या दुपारी सर लिहायला बसले. 'चि. रोहिणी, उशीर झाला. यंत्र चांगलं आहे; त्याच्याजवळ बसायला जागा ठेवा.' खाली लिहिलं, 'माझं चुकतही असेल.' ते खोडलं. पुन्हा लिहिलं. मग टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि विचार बदलायच्या आत पाकीट आत सोडून दिलं.